धक्क्यावरचे चेहरे : 'डंकर्क'मध्ये कोण दिसलं, कोण राहून गेलं

२८ मे १९४०. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्क बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटलेल्या आणि काळा धूर किनाऱ्यावर पसरलेला. त्या धुराखालून मेजर महंमद अकबर खान तीनशेहून थोडे अधिक हिंदी जवान आणि तेवीस ब्रिटिश शिपाई घेऊन वाळू तुडवत पूर्व धक्क्याकडे निघाले. हा धक्का म्हणजे जवळजवळ मैलभर समुद्रात गेलेला, लाटा अडवण्यासाठी घातलेला बांध. वर फळ्यांची अरुंद वाट. बोटी लागाव्यात म्हणून तो बांधलाच नव्हता. पण बॉम्बफेकीने बंदराच्या गोद्या निकामी झाल्या, तेव्हा २७ तारखेच्या रात्री कॅप्टन विल्यम टेनंट या आरमारी अधिकाऱ्याने तिथे एक बोट लावून पाहिली आणि ती लागली. जर्मनांनी कोंडलेल्या ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांना बोटींनी बाहेर काढण्याच्या, ४ जूनपर्यंत चाललेल्या त्या मोहिमेत ३ लाख ३८ हजार २२६ सैनिकांची सुटका झाली. त्यातले २ लाख ३९ हजारांच्या आसपास बंदरातून गेले, बहुतेक याच धक्क्यावरून.

धक्क्याचा वापर नुकता कुठे सुरू झाला होता, तेव्हाच फेटे बांधलेली ही माणसं त्यावर उभी होती.

सत्त्याहत्तर वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये, ख्रिस्तोफर नोलनचा 'डंकर्क' आला. तीन धाग्यांचा चित्रपट : धक्का, समुद्र आणि आकाश. धक्क्यावरचा एक आठवडा, समुद्रावरचा एक दिवस, आकाशातला एक तास. पहिल्या धाग्याचं नावच 'द मोल', म्हणजे हाच धक्का. त्यात अकबर खान नाहीत. त्यांच्या जवानांपैकी कुणाला एखादं वाक्य नाही, प्रसंग नाही, जागा नाही.

मी रत्नागिरीत चित्रपट रसास्वादाचा छोटा वर्ग घेते. पंधरा-सोळा मुलंमुली असतात. यंदा आम्ही तीन आठवडे हे एकच प्रकरण धरून बसलो. चित्रपट दोनदा पाहिला, इतिहास जमेल तेवढा वाचला आणि मग एकेक आक्षेप, एकेक बचाव हाताळून पाहिला. पहिल्या दिवशी सगळ्यांचं उत्तर एकच होतं : गोऱ्यांनी आपल्याला गाळलं. तिसऱ्या आठवड्यात ते तेवढं सोपं राहिलं नव्हतं. आमचा राग ओसरला नव्हता, पण तो कुठे ठेवायचा हे नीट कळलं होतं.

खेचरांबरोबर आलेले

हे जवान डंकर्कला कसे पोचले? ब्रिटिश फौज फ्रान्समध्ये उतरली ती मोटारींवर. घोडे, खेचरं ही जुनी गोष्ट झाली, असा तेव्हा तिथे समज होता. मग १९३९-४० चा हिवाळा आला, बर्फ आणि चिखलात ट्रक रुतू लागले. खेचरं हवीत तर ब्रिटिश सैन्याकडे ती उरलीच नव्हती. हिंदुस्थानी सैन्याकडे होती, आणि ती हाकणारी माणसंही. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या चार खेचर-कंपन्या मुंबईहून निघाल्या आणि २६ डिसेंबर १९३९ ला मार्सेलच्या बंदरात उतरल्या. या तुकडीचं नाव 'फोर्स के-सिक्स'. माणसं बहुतेक पंजाबी मुसलमान आणि पठाण. त्यांच्याकडे काम होतं दाणागोटा, दारूगोळा, लाकूडफाटा वाहण्याचं.

मे महिन्यात जर्मन रणगाडे आले आणि सगळी फौज समुद्राकडे ढकलली गेली. २४ मे रोजी डंकर्कच्या वाटेवर जमादार मौला दाद खान यांच्या तुकडीवर जमिनीवरून तोफा आणि वरून विमानं एकदम सुरू झाली. बिथरलेलं खेचर कसं असतं हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. त्यांनी माणसं आणि जनावरं रस्त्यावरून खाली उतरवली, आडोशाला नेली आणि सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. त्यासाठी त्यांना इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळालं. पण किनाऱ्यावरून माणसं नेणंच अवघड होतं, खेचरं कोण नेणार? ती मागेच सोडावी लागली. ज्या जनावराला रोज खरारा केला, ज्याच्यासाठी आपण इतक्या लांब आलो, त्याची दोरी सोडून देऊन बोटीच्या रांगेत उभं राहायचं. माझ्या मते त्या आठवड्यातला हा एक प्रसंग कुठल्याही दिग्दर्शकाने जीव टाकावा असा आहे.

एक कंपनी जर्मनांच्या हाती लागली. बाकीचे इंग्लंडला पोचले आणि पुढची साडेतीन वर्षं वेल्स आणि स्कॉटलंडच्या डोंगरांत राहिले. स्कॉटलंडमधल्या किंगुसी या गावच्या दफनभूमीत या तुकडीतल्या नऊ जणांच्या कबरी आहेत. उरलेले जानेवारी १९४४ मध्ये मायदेशी निघाले. इतिहासकार घी बोमन यांनी २०२० मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. तोवर त्यांचं नाव फारसं कुणी घेत नव्हतं.

चेहरा सोडून काहीच न देणारा चित्रपट

चित्रपट म्हणून 'डंकर्क' मला फार मोठा वाटतो, हे आधीच सांगते. १०६ मिनिटं. शत्रू जवळजवळ दिसतच नाही, फक्त गोळ्या येतात. घड्याळाच्या टिकटिकीवर रचलेलं संगीत. सुटका झाली तरी सुटल्यासारखं वाटू नये, इतका तो कोंडलेला आहे. संकलन आणि ध्वनीसाठी तीन ऑस्कर मिळाले ते उगीच नाही.

पण त्याची रचनाच अशी आहे की चेहऱ्यांचा प्रश्न इथे दुसऱ्या कुठल्याही युद्धपटापेक्षा जास्त टोकदार होतो. यातल्या पोरांना भूतकाळ नाही. गाव कुठलं, घरी कोण, लग्न ठरलंय का, काही कळत नाही. नायकाला 'टॉमी' म्हणतात, पण तेही ब्रिटिश शिपायाचं सरसकट टोपणनाव. खिशातला आईचा फोटो, शेकोटीभोवतीच्या आठवणी, असं नेहमीचं काही नोलनने ठेवलेलं नाही. हा माणूस कोण आहे हे प्रेक्षकाला कळायला उरतं काय? चेहरा आणि गणवेश. तोंडाने काहीच न सांगणारा चित्रपट चेहऱ्यांतूनच सगळं सांगतो. किनाऱ्यावरच्या रांगांवरून कॅमेरा फिरतो आणि आपल्या मनात ठसतं : डंकर्क म्हणजे हे चेहरे.

आणि गंमत नाही, दुखणं हे आहे की 'आपला कोण आणि परका कोण' हा प्रश्न नोलनला माहीत आहे. त्याच्या चित्रपटाच्या मधोमध तोच आहे. वर्गात आम्ही गिब्सनच्या प्रसंगांवर सगळ्यात जास्त वेळ थांबलो. टॉमी किनाऱ्यावर येतो तेव्हा एक पोरगा, हाच गिब्सन, वाळूत प्रेत पुरताना त्याला दिसतो. दोघं एक शब्द न बोलता एकत्र होतात. जखमींची झोळी उचलून रांग ओलांडतात, बोटीवर चढायला बघतात. तो पोरगा जवळजवळ पूर्ण चित्रपटभर गप्प असतो. पुढे एका अडकलेल्या मासेमारी बोटीच्या पोटात, बाहेरून गोळ्यांनी भोकं पडत असताना, बोट हलकी करायला कुणीतरी उतरायला हवं अशी वेळ येते, आणि बाकीचे त्याच्यावर उलटतात. हा जर्मन हेर आहे म्हणून. तो असतो फ्रेंच. मेलेल्या इंग्रजाचे कपडे चढवून तो रांगेत शिरलेला असतो, कारण धक्क्यावर फ्रेंचांना परत पाठवत होते. शेवटी बोट बुडते आणि तो आतच अडकून मरतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने इथे हात वर केला. ती म्हणाली, "मॅडम, ह्याला निदान कपडे बदलून चाललं. के-सिक्सवाल्याला काय बदलता आलं असतं?"

मला वाटतं, संपूर्ण प्रकरणाचं मर्म या वाक्यात आहे. परक्याचा गणवेश घालून गर्दीत मिसळण्याची सोय ज्याचा चेहरा गर्दीसारखा आहे त्यालाच असते. नोलनने वगळलं जाण्याची गोष्ट सांगितली, मनापासून सांगितली, पण ज्याला वगळलं जातंय तोही वगळणाऱ्यासारखाच दिसतो. गोष्ट तिथवर आली आणि उंबरठ्यावर थांबली.

मोजायला बसलो तर

चित्रपट आला त्याच वर्षी टीका सुरू झाली. लेखिका सनी सिंग यांनी 'गार्डियन'मध्ये, इतिहासकार यास्मिन खान यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं. फ्रान्समध्ये 'ल मोंद'च्या समीक्षकाची तक्रार वेगळी : आमचे सैनिक कुठे आहेत? कॅनडातूनही आवाज आला. धक्क्यावर रांगा लावणारा खरा अधिकारी जेम्स क्लाउस्टन हा माँट्रियलमध्ये जन्मलेला. पाच-सहा दिवस त्याने तिथली गर्दी सांभाळली आणि शेवटी समुद्रातच गेला. चित्रपटात त्याच्या जागी 'कमांडर बोल्टन' हे कल्पित पात्र आहे.

आपल्याकडे मात्र सूर एकच लागला : भारतीय सैनिक गाळले. काहींनी आकडे फुगवले, काहींनी खेचर-कंपन्यांच्या जागी शीख पलटणी उभ्या केल्या. मी मुलांना म्हटलं, आधी मोजू या.

सुमारे ३०० हिंदी जवान, आणि एकूण ३ लाख ३८ हजार. हजारात एकही भरत नाही. चित्रपटात किनाऱ्यावर हजाराहून अधिक माणसं उभी केली होती, मागच्या रांगांत तर पुठ्ठ्याचे शिपाईही होते. प्रमाणच धरायचं तर एखादा फेटेवाला दिसला असता, तोही लांबून. म्हणजे टक्केवारीच्या वादात आपण हरतो. मुलांचे चेहरे पडले. पण माझ्या लेखी हरलेली असेल तर टक्केवारी. माणसांचा हिशोब असा मांडायचा म्हटलं की थोडे असलेले नेहमीच शून्य होतात.

आणि मोजायचंच असेल तर पूर्ण मोजा. सुटका झालेल्यांत ब्रिटिश १ लाख ९८ हजारांच्या आसपास, बाकीचे सुमारे १ लाख ४० हजार मित्रराष्ट्रांचे, बहुतेक सगळे फ्रेंच सैन्यातले. ३१ मे रोजी ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल पॅरिसला गेले तोवर बोटींनी नेलेल्या सुमारे १ लाख ६५ हजारांत फ्रेंच होते फक्त १५ हजार. पुढचे दिवस ते प्रमाण बदललं, पण शेवटी ३५ हजारांहून अधिक फ्रेंच सैनिक मागे राहून कैद झाले. त्यांनीच घेराव रोखून धरला होता.

शिवाय 'फ्रेंच' म्हणजे कोण? डंकर्कपासून काही तासांच्या अंतरावर, लील शहराभोवती, जनरल मोलिनिये यांच्या हाताखालचे सैनिक २८ ते ३१ मेपर्यंत लढत राहिले आणि त्यांनी जर्मन डिव्हिजन अडवून धरल्या. किनाऱ्यावरच्या लोकांना ते चार दिवस मिळाले ते त्यांच्यामुळे. त्यांच्यात होती दुसरी आणि पाचवी नॉर्थ आफ्रिकन डिव्हिजन आणि पहिली मोरोक्कन डिव्हिजन. अल्जीरिया, ट्युनिशिया, मोरोक्कोची माणसं. दारूगोळा संपल्यावर त्यांनी शरणागती पत्करली, तेव्हा जर्मन सेनापतीने त्यांना शस्त्रांनिशी संचलन करून शहराबाहेर जाण्याचा मान दिला. चित्रपटात या सगळ्याची खूण एवढीच : सुरुवातीला वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला बसलेले काही फ्रेंच शिपाई टॉमीला पुढे जाऊ देतात आणि 'शुभ प्रवास' म्हणतात. ती ओळ मला प्रत्येक वेळी टोचते. ती योग्य आहे, फक्त फार लहान आहे.

ज्यांच्यासाठी कैद होणं म्हणजे निव्वळ कैद होणं नव्हतं, त्यांचा विचार करा. पुढच्याच महिन्यात, १९ आणि २० जूनला, लिआँजवळच्या शासले गावी जर्मनांनी पकडलेल्या पश्चिम आफ्रिकी सैनिकांना गोऱ्या कैद्यांपासून वेगळं काढलं आणि गोळ्या घातल्या. तिथे लाल भिंतींचं, आफ्रिकी धाटणीचं स्मशान आजही आहे. 'डंकर्क'ची भीती आहे ती बोट मिळेल का याची. त्याच युद्धात, त्याच गणवेशात, कातडीचा रंग वेगळा असलेल्याला दुसरीही एक भीती होती. अशा माणसाला गोष्टीत घेतलं तर गर्दीला रंग येतो एवढंच होत नाही. त्या गोष्टीतली भीतीच बदलते.

बोटीच्या पोटात

आमच्या वर्गात हा भाग सगळ्यात जवळचा निघाला, आणि त्याला कारण रत्नागिरी.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या खलाशांत सुमारे चौथा हिस्सा आशियाई आणि आफ्रिकी होता. त्यात मुंबईहून भरती झालेले पुष्कळ. डेकवर सारंग (मुकादम), टंडेल (त्याचा मदतनीस), कासब (कोठारी) आणि खलाशी, यांत रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने. इंजिनात आगवाले आणि कोयलावाले, बहुतेक पंजाब, सरहद्द प्रांत किंवा सिल्हेटचे. जेवणघरात आणि केबिनीत गोव्याचे ख्रिस्ती. मुंबईत धोबी तलावाला त्यांची गावागावांची 'कूड' असत, बोट मिळेपर्यंत पेटी ठेवायला आणि पाठ टेकायला जागा. एकाच कामाला गोऱ्या खलाशाला जेवढा पगार, त्याच्या कितीतरी कमी पगारावर ही माणसं काम करत.

डंकर्कला मुख्यतः युद्धनौका, इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या प्रवासी बोटी, मासेमारी बोटी आणि चाकांच्या आगबोटी गेल्या. त्यांवरची माणसं बहुतेक ब्रिटिशच होती. म्हणून 'डंकर्कच्या दर चौथ्या बोटीवर आपले लोक' असं म्हणणं खोटं ठरेल. पण क्लॅन लाइनचं 'क्लॅन मॅकॅलिस्टर' हे जहाज तिथे होतं, आणि या कंपनीच्या जहाजांवर हिंदी खलाशी घेण्याचा प्रघात होता. २९ मे रोजी त्यावर बॉम्ब पडले. पाणी उथळ, त्यामुळे जहाज बुडून तळाला टेकलं तरी उभंच दिसत होतं. ते अजून तरंगतंय असं समजून जर्मन विमानं पुढे कितीतरी दिवस त्यावर बॉम्ब टाकत राहिली. मेलेल्या जहाजाने जिवंत जहाजांवरचे घाव स्वतःवर घेतले.

वर्गातल्या एका मुलाच्या घरी राजिवड्याला आम्ही गेलो होतो. त्याच्या पणजोबांचं जहाजावरचं डिस्चार्जचं पुस्तक त्याच्या आजीने पत्र्याच्या पेटीतून काढलं. ओलीने फुगलेली पानं. एका पानावर डाव्या अंगठ्याचा ठसा, निळा, अजून रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. पुढच्या पानांवर रकाने : जहाजाचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, वर्तणूक, काम. वर्तणुकीच्या आणि कामाच्या रकान्यात रबरी शिक्के, एकाखाली एक, 'व्हेरी गुड', 'व्हेरी गुड'. हे पणजोबा डंकर्कला नव्हते, त्यांची बोट तेव्हा भलतीकडे होती. पण पान उलटताना आजी बोटाने शिक्क्यांवरून हात फिरवत होती आणि मला कळत होतं की या माणसाची जगाने करून ठेवलेली नोंद एवढीच : अंगठा आणि शिक्का. चेहरा कुठेच नाही. फोटोची जागा होती, फोटो कधीच गळून गेला होता.

बचाव, आणि त्यातलं खरं

नोलनच्या बाजूने चार गोष्टी सांगितल्या जातात. सगळ्या फेकून देण्याजोग्या नाहीत.

चित्रपट तीन-चार जणांच्या डोळ्यांपुरता आहे, सगळी मोहीम दाखवण्याचा त्याचा दावा नाही, ही पहिली. हे मी मान्य करते. दुसरी : हिंदी कंपन्या वेगळ्या होत्या, वेगळ्या राहत, तेव्हा टॉमीला शेजारी हिंदी जवान भेटला असता तरच खोटं झालं असतं. हेही बरंचसं खरं. पण टॉमी आठवडाभर त्या धक्क्यावर आणि किनाऱ्यावर भटकतो, आणि अकबर खानांची तीनशेची रांग त्याच धक्क्यावरून गेली. शेजारी भेटायची गरज नव्हती. नजरेसमोरून एक शिस्तीतली वेगळी रांग जाते, टॉमी बघतो, कॅमेरा बघतो, दहा सेकंद. तेवढ्याने डंकर्क ही एका देशाची घरगुती गोष्ट राहिली नसती.

तिसरी, फ्रेंच वसाहतींतले सैनिक किनाऱ्यापासून दूर, घेरावावर होते. ते होतेच. पण पोत्यांमागचे ते फ्रेंच शिपाई घेरावावरचेच आहेत ना? चौथा बचाव असा की गोष्ट माणसांची आहे, वंशाची नाही. यावर मला राग येतो. गोष्ट माणसांची आहे म्हणूनच विचारतोय. जी माणसं होती, ती कुठे गेली?

दुसऱ्यांनी काय करून पाहिलं

'डंकर्क'च्या आधी, २००७ च्या 'अ‍ॅटोनमेंट'मध्ये याच किनाऱ्याचा पाच मिनिटांचा सलग प्रसंग आहे, आणि त्यात नायकाबरोबर चालणारा एक सोबती काळा ब्रिटिश शिपाई आहे. त्याला नाव आहे, बोलणं आहे.

'डंकर्क'नंतर दोन वर्षांनी त्याच वाटेवरचा, पहिल्या महायुद्धावरचा '१९१७' आला. त्यात ब्रिटिश शिपायांच्या ट्रकमध्ये एक शीख जवान आहे. एका ब्रिटिश नटाने हे ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं असं जाहीरपणे म्हटलं, गदारोळ झाला, आणि त्याने शिखांची माफी मागितली. शीख त्या युद्धात नव्हते असं कुणी म्हणत असेल तर ते अज्ञान. पण मला तो प्रसंग वेगळ्या कारणाने अपुरा वाटतो. हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीस फ्रान्स सोडून गेलं होतं, घोडदळ राहिलं होतं. एकट्या शिखाला गोऱ्या पलटणीच्या ट्रकमध्ये बसवलं की त्याची पलटण, त्याची भाषा, त्याचे अधिकारी, त्याची वेगळी भाकरी, सगळं पुसलं जातं. चेहरा आला, माणूस आला नाही. घोडदळाची एक तुकडी वाटेत दिसली असती तर ते खरंही झालं असतं आणि मोठंही.

या सगळ्यांत मला खरा मानदंड वाटतो तो २००६ चा 'इंदिजेन', दिग्दर्शक रशीद बुशारेब. फ्रान्स सोडवायला गेलेल्या उत्तर आफ्रिकी सैनिकांची गोष्ट. टोमॅटो गोऱ्यांना वाढायचे की सगळ्यांना, बढती कुणाला, घरी जायची रजा कुणाला, अशा छोट्या छोट्या अपमानांतून युद्ध उलगडतं. कान महोत्सवात यातल्या पाचही नटांना मिळून अभिनयाचा पुरस्कार दिला. शेवटी साठ वर्षांनंतर एकटा वाचलेला म्हातारा मित्रांच्या कबरींवर जाऊन येतो आणि आपल्या लहानशा खोलीत परततो. खरं दुखणं त्या खोलीत होतं : वसाहतींतल्या माजी सैनिकांची पेन्शन फ्रान्सने १९५९ पासून गोठवून ठेवली होती. चित्रपट प्रदर्शित होत असतानाच, सप्टेंबर २००६ मध्ये, अध्यक्ष शिराक यांनी ती फ्रेंच सैनिकांच्या बरोबरीला आणण्याचं जाहीर केलं. सुमारे ८० हजार म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न होता. पडद्यावर कोण दिसतं याने काय फरक पडतो असं विचारणाऱ्याला मी हे सांगते.

आणि आपण

वर्गात शेवटच्या दिवशी मी विचारलं, नोलनने नाही केलं, मग आपण का नाही केलं? दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य २५ लाखांवर गेलं. ८७ हजार मेले. माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. इटलीत, वरच्या टायबर खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांचं स्मारक उभारलं. मुंबईहून गोव्याला जाणारी गाडी माणगावात चहाला थांबते, आणि पुतळा कुणाचा हे गाडीतल्या पन्नासांपैकी किती जणांना सांगता येईल?

आपली अडचण मला समजते. हे लोक इंग्रजांच्या पगारावर लढले. त्याच काळात इथे 'चले जाव' चाललं होतं, तिकडे आझाद हिंद सेना उभी राहत होती. स्वातंत्र्यानंतर त्यांना कुठल्या खणात ठेवायचं हे आपल्याला कळलं नाही. के-सिक्सच्या जवानांचं तर आणखी अवघड. त्यांची बहुतेक गावं १९४७ ला पाकिस्तानात गेली. अकबर खान पाकिस्तानी सैन्यातले सर्वांत ज्येष्ठ अधिकारी झाले, सेवाक्रमांक पीए-१. तेव्हा 'आमचे भारतीय सैनिक गाळले' म्हणून नोलनवर रागावताना आपण ज्यांच्या वतीने रागावतोय ते पंजाबी मुसलमान आहेत, हे स्वच्छ डोळ्यांनी बघायला हवं. मला त्यांच्याबद्दल तितकाच जिव्हाळा वाटतो. पण मग त्यांचं नाव घेताना ते कोण होते तेही घ्यायला हवं, नाहीतर आपण करतोय ते नोलनच्या चुकीपेक्षा फार वेगळं नाही.

मुलांना मी एक काम दिलंय. 'डंकर्क'ची पटकथा त्यांनी बदलायची नाही. फक्त धक्क्याच्या आठवड्यात, जिथे खरोखर घडलं तिथे, एक प्रसंग लिहायचा. संवाद पाच ओळींहून जास्त नको, नोलनच्या धाटणीत. त्या मुलीने लिहिला तो असा : एक जवान खेचराच्या मानेवरची दोरी सोडतो, गुंडाळतो, टाकून देत नाही, आपल्या पिशवीत घालतो आणि रांगेत जाऊन उभा राहतो. पुढचा टॉमी वळून पिशवीकडे बघतो. संवाद नाही.

जानेवारीत वर्ग मुंबईला जाणार आहे. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये युद्धात गेलेल्या खलाशांची नोंदवही आहे, सहा हजारांवर नावं, ज्यांना समुद्रातच जागा मिळाली त्यांची. राजिवड्याचा तो मुलगा आत्ताच विचारतोय की वहीला हात लावू देतात का.